चौकशी आतमध्ये

मन्मथप्पांचं घर विकत घ्यायला येणाऱ्या माणसाला आधी तोंडी परीक्षा द्यावी लागायची. माणूस चपला काढून आत यायचा, पंख्याखाली बसायचा, पाणी प्यायचा आणि 'किती म्हणता?' असं विचारायला तोंड उघडायचा, तेवढ्यात अप्पाच विचारायचे, "पाटी वाचली का?"

"वाचली की."

"काय लिवलंय?"

"घर विकणे आहे."

"सुरवातीला काय हाय?"

इथं निम्मे लोक नापास व्हायचे. पाटीवर नुसतं 'घर विकणे आहे' नव्हतं, 'सदरील घर विकणे आहे' असं होतं. ज्याला सदरील दिसलं नाही त्याला घर काय दिसणार, हा अप्पांचा सवाल. नापास झालेल्याला चहा मिळायचा, घर मिळायचं नाही.

हे सगळं मला बसल्या जागी दिसायचं. लातुरात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं ब्यूटी पार्लर आहे, आणि अप्पांचं फाटक बरोबर माझ्या आरशात येतं. बायकांच्या भुवया कोरता कोरता मी त्या घरी कोण आलं, किती वेळ बसलं आणि जाताना तोंड कसं करून गेलं, हे पाहून घ्यायची. माझी गिऱ्हाइकंही डोळे मिटल्या मिटल्या विचारायची, "आज कुणी नापास झालं का?"

अप्पांचा सगळा जन्म एसटीत गेला. बसस्टँडवर 'चौकशी' असं लिहिलेल्या खिडकीत ते बसायचे आणि माईकवर गाड्या पुकारायचे. रिटायर झाले, पण माईक काही तोंडातून सुटला नाही. सकाळी अंगणातून आवाज यायचा, "लक्ष द्या, अंघोळीचं पाणी फलाट क्रमांक एकवर लागलेलं आहे." नातेवाईक निघाले की, "सुटण्याच्या तयारीत आहे, पिशव्या मोजून घ्या." घर स्टँडच्या इतकं जवळ की तिथली प्रत्येक घोषणा गल्लीत ऐकू यायची, आणि खिडकीतला नवा माणूस कुठं चुकला की अप्पा इथून ओरडून दुरुस्त करायचे. "अरे, निलंगा आधी म्हण, औराद मागून!" तिकडं त्या बापड्याला ऐकू जायचं नाही, आमची मात्र उजळणी व्हायची.

रिटायर होताना लोकांना शाल-नारळ मिळतो. अप्पांनी भंगारात निघालेल्या एका गाडीची पाटी मागून घेतली. पत्र्याची, पिवळी, जाड काळ्या अक्षरांत 'लातूर – नांदेड, मार्गे अहमदपूर, लोहा'. घर विकायचं ठरलं तेव्हा हीच पाटी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलं:

सदरील घर विकणे आहे.
चौकशी आतमध्ये.

बस, एवढंच. फोन नंबर नाही. मी म्हटलं, "अप्पा, नंबर टाका की. आजकाल लोक पाटीचा फोटो काढून घरी जाऊन फोन करतात."

"फोनवर घर दिसतंय का?"

"दिसतं की. फोटो पाठवायचे."

"सुनंदा, तुला यातलं कळत न्हाई. पाटी बघूनच माणूस चढतो. माईकवर मी घसा फोडून वरडायचो, 'उदगीर, उदगीर', तरी म्हातारी गाडीम्होरं जायची, पाटी बघायची, मंग पाय उचलायची. आवाजावर कुणाचा भरवसा न्हाई बघ. पाटीवर हाय."

दुसरी गोष्ट म्हणजे पाटी फार खाली लावलेली. फाटकाच्या वर नाही, भिंतीवर नाही, फाटकाच्या मधल्या दांड्याला तारेनं बांधलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून वाचावी लागायची. गल्लीतली बकरी मात्र आरामात उभ्या उभ्या वाचू शकायची, आणि पाठ घासून जायची. मी त्यांना म्हणायची, "अप्पा, बकरीनं बयाना दिला का?" अप्पा हसायचे, पण पाटी वर घ्यायचे नाहीत. संध्याकाळी तिच्यावर एक बारीक बल्बही लावायचे. देवघरात बल्ब गेला तर आठवडा आठवडा बदलायचे नाहीत, पाटीवरचा गेला की त्याच घडीला दुकानात.

माझ्या पार्लरच्या पाटीवर तर त्यांचा कायमचा राग. पेंटरनं तिच्यावर कुठल्या तरी नटीचं चित्र काढलंय, गाल बटाट्यासारखे आणि पापण्या झाडूसारख्या. अप्पा म्हणायचे, "पाटीवर जी बाई हाय ती आतून कधी भाईर निघाली न्हाई. प्रवाशाची फसवणूक झाली ही." माझ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, म्हणून जास्त लागायचं.

दलालांना ते 'काळीपिवळी' म्हणायचे. स्टँडच्या तोंडाशी उभं राहून एसटीचे प्रवासी पळवणाऱ्या त्या जीपगाड्यांवर त्यांचा जन्माचा दावा, तोच आता दलालांवर निघाला. एक दलाल बिचारा चांगलं गिऱ्हाईक घेऊन आला. अप्पांनी गिऱ्हाइकाला खुर्ची दिली, दलालाला म्हणाले, "तुमची गाडी अनधिकृत हाय, फाटकाभाईर थांबवा." एक क्लासवाले आले. लातुरात क्लासवाल्याला घर दिसलं की त्याला खोल्या दिसत नाहीत, कॉट दिसतात. त्यांनी हॉलमध्ये उभं राहून इथं प्लायवूड टाकलं तर किती पोरं मावतील याचा अंदाज घेतला. अप्पा म्हणाले, "उभ्यानं बी घ्या की. एसटीत घेतोय आम्ही."

आता घर विकायचं कशासाठी, तर मुलीसाठी. महानंदा नांदेडला, विष्णुपुरीकडं राहते, तिच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर फ्लॅट निघाला होता. लातूरचं घर विकलं की तो घ्यायचा आणि म्हातारा-म्हातारीनं तिच्या डोळ्यांसमोर राहायचं, असं तिचं म्हणणं. ती दर रविवारी फोन करायची, आणि अप्पांकडून उत्तर यायचं, "प्रयत्न चालू आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." शेवटी तिनं मलाच फोन केला. "सुनंदाताई, अप्पा खरंच विकून राहिले का नुसतं पाटी लावून बसलेत? आईचं मला लई टेन्शन आहे हो."

गिरिजाकाकूंचं टेन्शन कशाला, ते मला तेव्हा कळलं नाही. काकू ठेंगण्या, पाठीतून वाकलेल्या, डोक्यावरचा पदर कधी न ढळलेल्या. बोलणं कमी. अप्पा दोघांचं मिळून बोलायचे, त्यामुळे ते कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. रोज संध्याकाळी महादेवाच्या देवळात जायच्या आणि यायच्या. एकदा येता येता माझ्या पार्लरच्या दारात थांबल्या आणि समोर बोट करून म्हणाल्या, "हे घर कुणाचं हाय गं?" मला वाटलं, पाटीवरून नवऱ्याला टोमणा मारायल्यात. मी म्हटलं, "आहे एका येड्या माणसाचं." काकू म्हणाल्या, "असं का," आणि रस्ता ओलांडून पाटी वाचत उभ्या राहिल्या. मी हसत हसत पुढच्या भुवईला लागले.

महानंदाचा फोन झाल्यावर मी ठरवलं, आता ही भानगड आपणच मिटवायची. माझा भाऊ व्यंकट धर्माबादला मिरचीचा व्यापार करतो. त्याची दोन्ही लेकरं शिकायला लातुरात आणायची होती आणि त्याला घर हवंच होतं. मी त्याला बोलावून घेतलं आणि पार्लरमध्ये बसवून परीक्षेची तयारी करून घेतली. "सुरुवातीला काय?" "सदरील." "खाली काय?" "चौकशी आतमध्ये." "किंमत आधी विचारायची का?" "न्हाई, आधी घर चांगलं हाय म्हणायचं." पोरगा पास होणार यात मला शंका नव्हती.

आणि झालाच. अप्पांनी सगळं उलटसुलट विचारलं, व्यंकटनं सगळं बरोबर सांगितलं. अप्पांनी खुर्ची पुढं ओढली.  मग म्हणाले, "अक्षराचा रंग कोणता?" व्यंकट म्हणाला, "काळा." मग म्हणाले, "आधी कोणता होता?" मला राग आला. मी म्हटलं, "अप्पा, आता हद्द झाली. माझा भाऊ घर घ्यायला आलाय, पेंटरच्या नोकरीला नाही."

तेवढ्यात फाटक वाजलं. काकू देवळातून आल्या होत्या. फाटकाशी थांबून त्यांनी पाटीवरून बोट फिरवलं, एकेक अक्षर लावून वाचलं, मग चपला बाहेर काढून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घर विकायचंय म्हणं?"

मी हसणार होते. पण अप्पा झटकन उठले, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "हाव, या की. आत या. पाटी बघून आलात ना?"

"हाव, पाटी बघून."

"बसा, पाणी घ्या. मंग दावतो."

उभ्या जन्मात अप्पांनी बायकोला अहोजाहो केलेलं मी ऐकलं नव्हतं. 'अगं', 'ए', 'ऐकलीस का', नाहीतर माईक. आता ते तिच्यापुढं अदबीनं चालत होते. "हे सैपाकघर. खिडकी उगवतीला हाय, सकाळी दिवा लावावा लागत न्हाई. हा कट्टा घरच्या बाईच्या उंचीचा करून घेतलाय, ती जरा ठेंगणी हाय." काकूंनी कट्ट्यावर हात टेकून पाहिला. "बरोबर येतोय की मला," म्हणाल्या. "हे देवघर. ही बाज." काकू प्रत्येक गोष्टीला हात लावत होत्या आणि मान हलवत होत्या. त्यांच्या तोंडावर इतकी खुशी मी कधी पाहिली नव्हती.

व्यंकटला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला हे दुसरं गिऱ्हाईक वाटलं. तो माझ्या कानाशी लागला, "अक्का, ही म्हातारी आपल्यापेक्षा जास्ती बोलली तर? बयाना आत्ताच देऊन टाकू का?"

काकू सगळं बघून परत आल्या. "घर चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "मालकांला इचारून सांगते."

"हाव, इचारा. काई घाई न्हाई."

"बघ," व्यंकट कुजबुजला, "हिचा मालक येणार आता."

मग अप्पांनी चहा केला. काकू चहा प्याल्या, कप खाली ठेवला, इकडं तिकडं पाहिलं आणि एकदम माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सुनंदा, कवा आलीस गं? आन् ह्ये काय, चहा ह्यांनी केला? साखर घातली का तरी?" आणि पदर खोचून आत गेल्या.

अप्पा मला फाटकापर्यंत सोडायला आले. व्यंकट पुढं गेला. तिथं पाटीपाशी त्यांनी मला सांगितलं, हळू आवाजात, माईकशिवाय.

"सुनंदा, पाटी खरंच विकायसाठी लावली होती. पर त्याच्या आधीपासून ही इसरायली होती. देवळातून यायची अन् घर सोडून पुढं जायची. मी गल्लीच्या पल्याड गाठून म्हणायचो, अगं, तुझं घर मागं ऱ्हायलं, चल. तर मलाच भ्यायची. परका माणूस हात धरायलाय म्हणून रडायची. एक दिवस आपल्या आपण पाटी वाचली अन् आत आली. म्हणली, घर विकायचंय का? मी म्हणलो, हाव. काय म्हणू मंग? घरची बाई म्हणून बोलावलं तर येत न्हाई. गिऱ्हाईक म्हणून खुशीत येती. चहा झाला की घरची होती." पाटीची तार घट्ट करत म्हणाले, "आता सांग, पाटी काढू कशी अन् घर विकू कसं?"

 मला रडू आलं आणि मी रडले. बकरी पाटीला पाठ घासत होती, तिला त्यांनी हुसकावलं.

व्यंकटला मी दुसरीकडं घर बघायला लावलं. पण पुढं थोड्याच दिवसांनी अप्पा स्वतःच पार्लरमध्ये आले. बायका आत असताना ते कधीच पायरी चढायचे नाहीत, त्या दिवशी चढले. झालं होतं असं की अक्षरं फिकट पडली म्हणून त्यांनी पाटी काढली, रंग दिला आणि वाळायला गच्चीवर ठेवली. काकू देवळातून आल्या, फाटकाला पाटी नाही, म्हणून सरळ चालत स्टँडवर गेल्या. तिथं चौकशीच्या खिडकीशी उभ्या राहून विचारत होत्या, "इथं विकायचं घर कुठं हाय?" खिडकीतल्या माणसानं ओळखलं आणि आणून पोचवलं. तोच माणूस, ज्याच्या चुका अप्पा गल्लीतून काढायचे.

"माझ्याच्यानं एकट्याच्यानं व्हईना," अप्पा म्हणाले. "व्यंकटला बोलाव. महानंदाजवळ जातो. पर तिथं समदी दारं एकसारखी हायत गं. ही कशी वळखंल?"

मी व्यंकटला फोन लावला. घर व्यंकटला गेलं. यावेळी परीक्षा झाली नाही.

सामान न्यायचा दिवस मात्र अप्पांनी गाजवला. टेम्पो फाटकाशी लागला तशी त्यांनी पाटी सोडली, फडक्यानं पुसली, उलटी केली आणि टेम्पोच्या कपाळावर बांधली. 'लातूर – नांदेड, मार्गे अहमदपूर, लोहा.' मग फाटकात उभे राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं पुकारलं, "लक्ष द्या, लातूरहून नांदेडला जाणारी गाडी सुटण्याच्या तयारीत आहे!" काकू पुढं आल्या, पाटी वाचली आणि काही न विचारता ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या. मुलीकडं निघालो म्हणून हातात चिवड्याचा डबाही होता. नंतर ड्रायव्हरनं सांगितलं, चाकूरला एका बाईनं हात दाखवून टेम्पो थांबवला, आणि कपाट-गादीच्या मध्ये जागा आहे का म्हणून भांडली. अप्पांनी तिला पुढं बसवून अहमदपूरला सोडलं. पाटी लावल्यावर प्रवासी नाकारता येत नाही, म्हणाले.

गल्ली सुनी झाली. स्टँडवरचा माणूस चुकतो आणि आता त्याला कुणी टोकत नाही. व्यंकटची लेकरं समोरच्या घरी अभ्यास करतात, भारी शांत आहेत. आरशात बघण्यासारखं काही राहिलं नाही.

मध्यंतरी एका लग्नाला नांदेडला गेले, तेव्हा विष्णुपुरीला जाऊन आले. बिल्डिंगच्या खाली वॉचमन भेटला. कुणाकडं म्हणून विचारलं, मी अप्पांचं नाव सांगितलं, तर त्यानं कपाळावर हात मारला. "तुम्ही बी घर बघायला का? ताई, त्यांना विकायचं न्हाई. रोज एक दलाल येऊन जातो, अन् सोसायटीवाले मला झापून राहिले."

मी जिना चढले. एकसारखी तपकिरी दारं, एकसारख्या कड्या. आणि एका उघड्या दाराला खाली, कमरेच्या जरा वर, पिवळी पाटी. वर बारीक बल्ब.

अप्पा खुर्चीत बसले होते. मला पाहून उठले, पण बोलायच्या आधी हात वर करून गप्प राहायला सांगितलं. जिन्यात पावलं वाजत होती. महानंदा आईला देवळातून आणायची आणि खालच्या वळणावर हात सोडून थांबायची, पुढच्या पायऱ्या काकू एकट्या यायच्या. त्या आल्या. शेजारचं दार ओलांडून पुढं निघाल्या होत्या, बल्बाच्या उजेडात थांबल्या. बोट फिरलं. स... द... री... ल.

"घर विकायचंय म्हणं?"

अप्पांनी टोपी सारखी केली. "हाव, या की. पाटी बघून आलात ना?"

काकू आत आल्या. माझ्याकडं बघून जरा नाराज झाल्या. "ह्या बी गिऱ्हाईक का?"

"हायत. पर तुमचा नंबर पैला."

मग तेच सगळं. सैपाकघर, देवघर, बाज. नवीन कट्टासुद्धा अप्पांनी फोडून खाली घेतला होता, तो काकूंच्या हाताला बरोबर आला. परत येऊन त्या खुर्चीवर टेकल्या. "घर लई चांगलं हाय. कुणाला देऊ नका. मालकांला इचारून सांगते."

"कुठं असतात मालक?"

"एसटीत हायत. गाड्या पुकारत्यात."

"बरे हायत का सोभावानं?"

काकूंनी पदर पुढं ओढला आणि हसल्या. "लई बडबड करत्यात. पर मला कवा चुकू दिलं न्हाई त्यांनी. येतीलच आता."

 अप्पा चहाचं भांडं घेऊन आत वळले, आणि तिथूनच, घसा साफ करून, म्हणाले, "बसा मंग तवर. यायलेत ते. गाडी येळंवर हाय."